बसण्याआधीचा प्रवास

शांत बसा. पाठ ताठ असू द्या, खांदे सैल सोडा. दोन-चार श्वास आपोआप येऊ-जाऊ द्या. हे मनन सावकाश वाचायचं आहे. जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे डोळे मिटून क्षणभर थांबा. आज मन एका अशा जीवाकडे न्यायचं आहे, ज्याच्याकडे सहसा कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

ओहोटीची वेळ आहे असं समजा. कोकणातला कुठलाही खडकाळ किनारा डोळ्यांसमोर आणा. मुंबईत राहत असाल तर वांद्र्याचा किंवा वरळीचा आणा. काळ्या कातळावर पांढरट-करडे, खरखरीत, टोकाशी तोंड असलेले बारीक सुळके दाटीने चिकटलेले आहेत. अनवाणी चाललं तर तळपाय सोलून निघतो. धक्क्याच्या खांबांवर, होडीच्या तळाला, खाडीतल्या तिवरांच्या बुंध्यांवर हेच सुळके दिसतात. त्यांना बार्नॅकल म्हणतात. जगात त्यांच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतली ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्राइट ही जात मुंबई बंदरात आणि गोव्याच्या खाड्यांत सर्रास सापडते.

एखाद्याला ओळखणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न या मननात शेवटपर्यंत जवळ ठेवायचा आहे. उत्तराची घाई नको.

त्या दाटीतला एकच जीव निवडा. नखाएवढा. त्याच्याभोवती चुन्याच्या सहा पट्टिकांची भिंत आहे. भिंतीला वर तोंड आहे आणि तोंडावर चार तुकड्यांचं झाकण आहे. ओहोटीत ते घट्ट मिटलेलं असतं. आत थोडंसं समुद्राचं पाणी अडवून ठेवलेलं असतं. वर वैशाखाचं ऊन आहे, कातळाला हात लावला तर चटका बसतो, आणि आतला जीव भरतीपर्यंत तग धरून आहे.

इथे थांबा. मिटलेलं झाकण मनासमोर धरा आणि स्वतःला विचारा: याच्याबद्दल मला काय माहीत आहे? चुना, धार आणि जागचं न हलणं. सध्या एवढंच आपल्या हाती आहे. तेवढंच असू द्या.

आता भरतीचं पाणी चढू द्या. पहिली लाट त्याच्यावरून जाते, मग दुसरी. झाकणाच्या मधोमध एक फट पडते आणि तिच्यातून पिसांसारखे नाजूक, वळलेले अवयव बाहेर येतात. पाग टाकणाऱ्या कोळ्याच्या हातासारखे ते पसरतात, पाणी कवेत घेतात, मिटून आत जातात आणि पुन्हा पसरतात. हे त्याचे पाय आहेत. सहा जोड्या, प्रत्येक पायाला दोन फाटे, फाट्यांना सांधे आणि सांध्यांवर बारीक राठ केस. त्या केसांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात आणि तोंडाकडे पोहोचतात. आतला प्राणी डोक्याकडून तळाला चिकटलेला आहे, पाय वर करून आहे आणि पायांनी जेवतो आहे.

त्याच्यावर सावली पडली, की पाय झटक्यात आत जातात. मोठ्या झालेल्या बार्नॅकलला वस्तूचा आकार दिसत नाही. उजेड कमी झाला, एवढंच कळवणारे साधे नेत्रबिंदू त्याच्याजवळ असतात. ओहोटीत मागे राहिलेल्या डबक्याकाठी त्याला पाहायचं असेल, तर आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी बैठक घ्यावी लागते आणि बराच वेळ हालचाल न करता बसावं लागतं. पाहण्याची ही पहिली शिस्त समजू या. ज्याला पाहायचं, त्याच्यावर आपली सावली पडू द्यायची नाही.

एक श्वास घ्या. त्या सांध्यांच्या पायांकडे लक्ष असू द्या. पुढचं सारं त्यांच्यावर उभं आहे.

या जीवाला ओळखायला माणसाला फार वेळ लागला. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मोपदेशकानं आयर्लंडबद्दल लिहिताना नोंदवलं, की समुद्रातून वाहत आलेल्या ओंडक्यांना लटकणाऱ्या बार्नॅकलमधून एका जातीचे हंस जन्माला येतात. लोकांची ही समजूत पुढे कित्येक शतकं टिकली. तिला कारणही होतं. ते पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात घरटी करतात, त्यामुळे ब्रिटन-आयर्लंडमध्ये त्यांची अंडी कुणी पाहिली नव्हती. ओंडक्यांवरचे बार्नॅकल देठाला लटकलेले असतात आणि त्यांचे पाय पिसांसारखे दिसतात. माणसानं न पाहिलेल्या दोन गोष्टींमध्ये पूल बांधून टाकला.

पुढे विज्ञानाची शिस्त आली, तरी चूक वेगळ्या रूपात राहिली. कार्ल लिनियसनं १७५८ साली 'सिस्टिमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीत बार्नॅकलना कवच असलेल्या कृमींत, शिंपल्यांच्या शेजारी बसवलं. फ्रान्सचा जॉर्ज क्यूव्हिए हा प्राण्यांच्या शरीररचनेचा त्या काळातला सर्वांत मोठा जाणकार होता. बार्नॅकलच्या अंगात सांध्यांच्या प्राण्यांशी जुळणाऱ्या खुणा आहेत, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तरीही १८१७ साली त्यानं त्यांना मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे गोगलगायी आणि शिंपल्यांच्या घराण्यात ठेवलं.

ही माणसं निष्काळजी नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते नीट पाहिलं. त्यांच्यासमोर चुन्याचं कवच होतं, झाकण होतं, कातळाला कायमचं चिकटणं होतं. कालव असंच असतं, मग हेही त्यातलंच असणार, हा निष्कर्ष सरळ होता. त्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली: मोठं झाल्यावर, स्थिरावल्यावर जे रूप दिसतं ते पूर्ण रूप.

इथे जरा जास्त वेळ थांबा. कोकणच्या कातळावर कालव आणि बार्नॅकल एकमेकांना खेटून बसतात. दोघांचं घर चुन्याचं, दोघांवर तीच भरती, दोघांचं अन्न त्याच पाण्यातलं. पण नातं पाहू गेलं तर कालव गोगलगायीचं आहे आणि बार्नॅकल खेकड्याचं, कोळंबीचं. शेजार सारखा आहे, घर सारखं आहे आणि कूळ अगदी वेगळं आहे. आपल्या आयुष्यातल्या एखाद्या व्यक्तीला आपण तिच्या घरावरून, कामावरून किंवा आजच्या गप्प बसण्यावरून कुठल्या खणात टाकलं आहे का, हे मनात हळूच तपासून पाहा. कुणाला दोष द्यायचा नाही, स्वतःलाही नाही. फक्त पाहायचं.

आता आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात चला. काळ एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकाचा. जॉन व्हॉन थॉम्प्सन हा लष्करी डॉक्टर मलमलीची छोटी जाळी होडीमागून पाण्यात ओढतो आहे. जाळीत सापडलेले बारीक जीव तो समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवतो आणि रोज पाहतो. त्यांत काही जीव दोन झडपांच्या पारदर्शक कवचात राहणारे, पाय मारत पोहणारे होते. ते कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. थॉम्प्सननं त्यांना मारून बाटलीत भरलं नाही, वाढू दिलं. काही दिवसांनी ते भांड्याला चिकटले, त्यांनी जुनी कात टाकली आणि ते बार्नॅकल झाले.

१८३० मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं आणि बार्नॅकलचं घराणं बदललं. ते मृदुकाय नव्हते, कवचधारी होते. खेकडे, शेवंड, कोळंबी ज्या मोठ्या कुळात येतात, त्याच कुळातले.

थॉम्प्सनजवळ क्यूव्हिएपेक्षा मोठं ज्ञान नव्हतं. त्यानं जीवाला त्याच्या वेळेनुसार बदलू दिलं आणि तोवर तो भांड्याजवळ थांबला. क्यूव्हिएनं स्थिरावलेला प्राणी पाहिला, थॉम्प्सननं स्थिरावणारा पाहिला.

आता त्या प्रवासाबरोबर आपणही जाऊ या, अगदी सुरुवातीपासून.

बार्नॅकलची अंडी कवचाच्या आतच उबवली जातात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या डिंभाला नॉप्लिअस म्हणतात. तो साध्या डोळ्यांना ठिपक्याएवढाही दिसत नाही. कपाळाच्या मधोमध एकच डोळा आणि हातपाय मारायला अवयवांच्या तीन जोड्या. बार्नॅकलच्या नॉप्लिअसला कपाळाच्या दोन कोपऱ्यांवर दोन शिंगं असतात, ती त्याच्या घराण्याची खूण. पण एकडोळ्या नॉप्लिअसचं रूप केवळ त्याचं नाही. आपल्या बाजारात येणारी कोळंबी आणि सुकवून ठेवतात तो जवळा, हेही अंड्यातून नॉप्लिअस होऊनच बाहेर येतात. खेकड्याचा नॉप्लिअस अंड्याच्या आतच होऊन जातो. ताटातली कोळंबी आणि कातळावरचा चुन्याचा सुळका यांचं बालपण एकच आहे.

थांबा. एक डोळा, तीन जोड्या पाय आणि अफाट पाणी, एवढंच मनात राहू द्या. अजून घर नाही, जागा नाही, आकारही पक्का झालेला नाही.

नॉप्लिअस तरंगत राहतो, खातो, वाढतो आणि पुनःपुन्हा कात टाकतो. असे त्याचे सहा टप्पे होतात. उबदार, भरपूर अन्न असलेल्या पाण्यात हा प्रवास आठवड्याच्या आतही पुरा होऊ शकतो, थंड पाण्यात त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात. सहाव्या टप्प्यानंतरची कात टाकल्यावर सायप्रिड नावाचा वेगळाच डिंभ समोर येतो. थॉम्प्सनच्या भांड्यातले दोन झडपांचे जीव ते हेच. अंगाची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्याला दोन संयुक्त डोळे असतात, पोहण्यासाठी पायांच्या सहा जोड्या असतात आणि पुढे दोन स्पर्शिका असतात.

सायप्रिड काहीही खात नाही. नॉप्लिअसनं साठवून ठेवलेल्या चरबीवर तो जगतो. ती संपण्याआधी त्याला आयुष्यातलं एकच काम करायचं असतं, बसण्याची जागा शोधणं.

त्याच्याबरोबर चला. तो एका दगडावर उतरतो आणि दोन स्पर्शिकांच्या टोकांवर, एकीमागून एक टेकवत, चालू लागतो. प्रत्येक पावलाला थोडासा चिकट प्रथिनांचा ठसा मागे राहतो. दगड खडबडीत आहे का, त्यावर जिवाणूंचा थर कसा आहे, इथे आपल्यासारखे आधी कुणी बसले आहेत का, हे सारं तो चाचपतो. मोठ्या बार्नॅकलच्या अंगावरची विशिष्ट प्रथिनं त्याला जाणवतात. आधी येऊन गेलेल्या सायप्रिडांचे ठसेही जाणवतात. जागा पसंत पडली नाही तर तो पाय मारून पुन्हा पाण्यात जातो आणि दुसरीकडे उतरतो. हे पुनःपुन्हा होऊ शकतं. पण साठा मर्यादित आहे, म्हणून शोधालाही मर्यादा आहे.

इथे लांब श्वास घ्या. ज्याला आपण जागचा न हलणारा म्हणून ओळखलं, तो जागा नाकारत-नाकारत इथवर आला आहे.

मग एका ठिकाणी तो थांबतो. स्पर्शिकांच्या टोकांतून सिमेंटसारखा पदार्थ बाहेर पडतो. तो पाण्याखाली, ओल्या पृष्ठभागावर चिकटतो आणि घट्ट होतो. आता परत फिरणं नाही. दोन झडपांचं कवच गळून पडतं. संयुक्त डोळे टाकून दिले जातात. पोहण्याच्या सहा जोड्यांच्या जागी जेवणाच्या सहा जोड्या येतात. सभोवती चुन्याच्या पट्टिका उभ्या राहू लागतात. ज्या डोळ्यांनी पाण्यातली वाट पाहिली, ते डोळे मुक्कामाला पोहोचल्यावर लागत नाहीत.

आपण स्वतः कुठेतरी स्थिरावलो तेव्हा काय काय टाकून दिलं, ते आठवून पाहा. त्यातलं काय खरंच नको होतं आणि काय नाइलाजानं टाकलं? उत्तर आलं नाही तरी चालेल. प्रश्नाजवळ थोडं बसा.

बसल्यावरही आयुष्य थांबत नाही. बहुतेक बार्नॅकल उभयलिंगी असतात, तरी मीलन सहसा शेजाऱ्याशी करतात. जागचं उठता येत नाही, म्हणून शेजाऱ्यापर्यंत पोहोचणारं लांब जननेंद्रिय त्यांना मिळालं आहे. शरीराच्या तुलनेत इतकं लांब इंद्रिय प्राणिसृष्टीत क्वचितच आढळतं. सायप्रिड आपल्या जातीच्या दाटीत जागा का शोधतो, ते इथे उलगडतं. शेजारी हाताच्या अंतरावर नसेल तर पुढची पिढी होणं कठीण. कातळावरची ती गर्दी अपघातानं झालेली नाही.

शेजाराची दुसरी बाजूही पाहायला हवी. स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावर जोसेफ कॉनेलनं दोन जातींच्या बार्नॅकलवर केलेलं काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. लहान जात खडकाच्या वरच्या पट्ट्यात राहत होती, मोठी जात खालच्या. कॉनेलनं काही जागांवरून मोठी जात काढून टाकली, तर लहान जात खालीही नीट जगली. म्हणजे खालची जागा तिला सोसत नव्हती असं नाही. मोठी जात वाढताना तिला झाकून टाकत होती, बाजूनं चिरडत होती, तळातून उखडत होती. वरच्या पट्ट्यात मात्र मोठ्या जातीला ओहोटीतलं कोरडेपण सोसत नव्हतं. प्रत्येकाचा पट्टा ऊन आणि शेजारी या दोन मर्यादांमध्ये ठरला होता. एखादा जिथे दिसतो तिथेच तो जगू शकतो, असं मानण्याआधी हा प्रयोग आठवावा.

आता थोडं उलट दिशेनं विचार करू. कवचानं माणसाला इतकी वर्षं फसवलं, म्हणून कवच खोटं ठरत नाही. ते वाचायला आपण उशिरा शिकलो. बार्नॅकल कवच वाढवतो तेव्हा भोवतालच्या पाण्यातला ऑक्सिजन त्या चुन्यात बांधला जातो, आणि हलक्या-जड ऑक्सिजनचं प्रमाण पाण्याच्या तापमानानुसार बदलतं. करड्या देवमाशाच्या कातडीत रुतून राहणारी बार्नॅकलची एक जात आहे. मेक्सिकोच्या उबदार खाड्यांपासून उत्तरेच्या थंड समुद्रापर्यंत देवमासा जातो-येतो आणि ती सारी वाट या चुन्याच्या थरांत उतरते. १९८० साली शास्त्रज्ञांनी ती तिथून वाचून दाखवली. स्वतः न हललेल्या जीवाच्या घरात हजारो किलोमीटरच्या प्रवासाची नोंद होती.

समुद्री कासवांच्या पाठीवरही बार्नॅकल राहतात. त्यांपैकी एक जात चिकटल्यावरही कासवाच्या पाठीवर अतिशय सावकाश सरकते आणि पाण्याचा प्रवाह चांगला मिळेल अशा जागी जाते, हे २०२१ मध्ये सिद्ध झालं. बार्नॅकल बसला की कायमचा बसला, हा नियम पाठ्यपुस्तकांनी पक्का मानला होता. त्यालाही अपवाद निघाला. आपण जे पक्कं मानलं आहे, त्याखाली थोडी मोकळी जागा ठेवू या.

मन आता थोडं अवघड जागी न्यायचं आहे. पाठ पुन्हा एकदा सरळ करा.

सॅक्युलिना ही बार्नॅकलची जवळची नातेवाईक. युरोपच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्यात ती राहते. तिचा मादी डिंभ खेकड्यावर बसतो आणि स्वतःच्या शरीरातल्या पेशींचा एक बारीक पुंजका खेकड्याच्या आत सोडतो. तो मुळांसारखा सर्वांगभर पसरतो. काही काळानं खेकड्याच्या पोटाखाली, खेकडी जिथे अंडी धरते नेमकं तिथे, सॅक्युलिनाची पिशवी बाहेर येते. खेकड्याची प्रजननशक्ती जाते. खेकडा नर असेल तर त्याचं पोट मादीसारखं रुंद होतं आणि तो त्या पिशवीची आपली अंडी समजून निगा राखतो, तिच्यातून डिंभ बाहेर पडताना पाणी ढवळून त्यांना वाट करून देतो.

हे वाचून मनात जे उठलं असेल ते उठू द्या. किळस, दया, भीती, काहीही. त्याला नाव द्या आणि बाजूला ठेवा. मग पुढचं पाहा. मोठ्या झालेल्या सॅक्युलिनाला पाय नाहीत, डोळे नाहीत, तोंड नाही, आतडं नाही, कवच नाही, शरीराचे खंडही नाहीत. तिच्यात कवचधारी म्हणून ओळखता येईल अशी एकही खूण उरलेली नाही. तिचं कूळ कशावरून कळलं? तिच्या पिलांवरून. पिशवीतून शिंगं असलेले नॉप्लिअस बाहेर पडतात, त्यांचे सायप्रिड होतात. कॉर्कमधल्या त्याच थॉम्प्सननं १८३६ मध्ये या जीवाचं वर्णनही लिहून ठेवलं. नाव घ्यायलाही नको वाटावं अशा जीवाचं बालपण कातळावरच्या निरुपद्रवी बार्नॅकलसारखंच आहे, हे मनात काही काळ राहू द्या.

आता या घराण्याचं चित्र एकत्र पाहा. सिरिपीडिया या गटात तीन मोठ्या शाखा मानतात. पहिलीत कातळावरचे आणि ओंडक्यांवरचे कवचवाले बार्नॅकल आहेत. दुसरीत शिंपल्यांच्या आणि प्रवाळांच्या चुन्यात भोक पाडून राहणारे सूक्ष्म जीव आहेत, ज्यांना स्वतःचं चुन्याचं कवच नसतं. तिसरीत सॅक्युलिना आणि तिच्यासारखे मुळं पसरवणारे परजीवी आहेत. मोठेपणी या तिघांना शेजारी ठेवलं तर एका घरातले म्हणून कुणी ओळखणार नाही. सायप्रिड शेजारी ठेवले की शंका राहत नाही.

आणि या तिघांच्या जवळचा एक गट असा आहे, ज्याचं फक्त बालपण माणसाला माहीत आहे. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ हान्स यॅकोब हान्सेननं १८९९ मध्ये त्याच्या डिंभांचं वर्णन केलं आणि त्यांना केवळ 'वाय' हे अक्षर दिलं. ते डिंभ जगाच्या अनेक समुद्रांत सापडतात. मोठा झालेला जीव मात्र समुद्रात अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी या डिंभांना कात टाकायला लावणारं संप्रेरक दिलं, तेव्हा त्यांच्यातून गोगलगायीसारखा मऊ, पाय-डोळे नसलेला जीव बाहेर आला. त्यावरून ते मोठेपणी कुणाच्या तरी शरीरात परजीवी म्हणून राहत असावेत, असा अंदाज बांधता आला. कोणाच्या, ते अजून समजायचं आहे.

थांबा. बार्नॅकलचं मोठेपण आपल्याला दिसत होतं आणि आपण चुकलो. सॅक्युलिनाच्या मोठेपणात काहीच खूण नव्हती आणि बालपणानं वाट दाखवली. वायच्या डिंभाचं बालपण हातात आहे आणि मोठेपण अंधारात आहे. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. जीव म्हणजे त्याचं कुठलं तरी एक रूप नव्हे, ती संपूर्ण वाट असते, आणि ओळखायचं तर जमेल तेवढी वाट त्याच्याबरोबर चालावी लागते.

अशी वाट सर्वांत चिकाटीनं चाललेला माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. १८३५ च्या जानेवारीत चिलीच्या दक्षिणेकडच्या चोनोस बेटांवर त्याला एका शंखात भोक पाडून राहणारा, टाचणीच्या डोक्याएवढा बार्नॅकल सापडला. त्याचं काय ते समजून घ्यावं म्हणून १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. एकाला समजायचं तर दुसऱ्याशी ताडून पाहणं आलं, दुसऱ्यासाठी तिसरा आला, आणि जगभरच्या संग्राहकांकडून त्याच्या घरी बार्नॅकल येऊ लागले. आठ वर्षं गेली. त्यांतली सुमारे दोन आजारपणानं खाल्ली. याच काळात, १८५१ मध्ये, त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी वारली. बार्नॅकल पाहणं हे वडिलांचं कामच असतं, अशी त्याच्या मुलांची समजूत झाली होती. शेजारच्या घरी गेल्यावर त्यांतल्या एकानं, इथले वडील आपले बार्नॅकल कुठे पाहतात, असं विचारल्याची आठवण सांगतात.

या आठ वर्षांत त्यानं जिवंत आणि जीवाश्म बार्नॅकलवर चार ग्रंथ लिहिले, १८५३ मध्ये रॉयल सोसायटीचं पदक मिळवलं. काही जातींत मादीच्या किंवा उभयलिंगी जीवाच्या अंगाला चिकटलेले सूक्ष्म नर त्याला सापडले. आधीच्या अभ्यासकांना ते परजीवी वाटले असते. डार्विननं ते नर म्हणून ओळखले, आणि उभयलिंगीपणातून वेगळे नर-मादी पायरीपायरीनं कसे होत गेले असतील, हे त्याला एकाच घराण्यात डोळ्यांनी पाहता आलं. एका जातीतले दोन जीवही अगदी सारखे नसतात, हेही त्याला याच कामात पदोपदी जाणवलं. १८५९ मध्ये आलेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मागे ही बैठक आहे.

त्याच्या हातूनही चुका झाल्या. सिमेंटच्या ग्रंथींबद्दल त्यानं काढलेला निष्कर्ष चुकीचा होता आणि ऑगस्ट क्रोन या प्राणिशास्त्रज्ञानं १८५९ मध्ये तो दाखवून दिला. डार्विननं ते मान्य केलं आणि आपण इथे वाईट चुकलो, असं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. या कामाला इतका वेळ द्यायला हवा होता का, अशी शंकाही त्यानं तिथेच व्यक्त केली आहे. ती शंका प्रामाणिक होती. पण त्याचे ते चार ग्रंथ आजही बार्नॅकलचे अभ्यासक उघडून वाचतात.

मनन संपवण्याआधी दोन श्वास घ्या, आणि मग एक ठरवा. आपल्या रोजच्या वाटेवरचा एक जीव निवडा. तो बार्नॅकलच असायला हवा असं नाही. झाड, पक्षी, कोळी, मुंगी, काहीही चालेल. त्याला उखडू नका, घरी आणू नका. वर्षभर, सगळ्या ऋतूंत, त्याच्याकडे परत परत जा आणि जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहा. आधीचं लिहिलेलं चुकलं असं वाटलं तर ते खोडू नका, खाली नवं लिहा. वर्षाच्या शेवटी त्याच्याबद्दल एक वाक्य लिहा, त्याआधी लिहू नका. माणसांच्या बाबतीतही हाच नियम पाळता आला, तर अवश्य पाळा.